खिदिरपूरच्या गल्लीतले चार दिवस

कोलकाता पाहण्यासाठी आम्ही घर सोडले नव्हते. पोर्ट ब्लेअरला जाणारे जहाज तिथल्या गोदीतून सुटते, म्हणून वाटेत दोन दिवसांचा मुक्काम करायचा होता. जहाज लांबले आणि दोनाचे चार झाले. परत आल्यापासून पवनीतल्या माझ्या जुन्या सहकारी शिक्षिका विचारतात, अंदमान कसे होते, समुद्र कोणत्या रंगाचा होता. समुद्राविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की लेखणी आधी त्या गल्लीत वळते: ओल धरलेल्या भिंतींचा वास, मोहरीच्या तेलाचा धूर, आणि हाडांत मुरलेला थकवा.

प्रवासाचे कारण सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. आमची एकुलती एक लेक वर्षा तीन वर्षांपासून पोर्ट ब्लेअरला राहते. जावईबापू तिथे सरकारी नोकरीत आहेत. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. आमच्याकडच्या जुन्या शेतकरी घरांत एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही. बहुतेकांनी ती केव्हाच सोडली. ह्यांनी सोडली नाही. वर्षा गोंदियाला होती तेव्हा हे महिन्यातून एकदा बसने तिच्याकडे जात, तासभर बसत, पिशवीतल्या बाटलीतले पवनीचे पाणी पीत आणि "बरं हाय ना बाई?" म्हणून उठत. चहाचा कप तिथेच गार होई.

गेल्या वर्षी वर्षाला राहिलेले दिवस तिसऱ्यांदा वाया गेले, आणि डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न करू नका म्हणून बजावले. तिने मला फोनवर सांगितले, "आई, आता काही होणार नाही. बाबाले सांगजो, वाट नका पाहू म्हणा." मग म्हणाली, "तुमी दोघंही या ना."

मी निरोप दिला तेव्हा हे मळणीवरून आले होते. भुवयांवर धानाचा भुसा बसला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "जाऊ. पाहिजे तेवढे दिस राहू." माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते दुसऱ्या दिवशी आटले, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या चिन्नोरचे पंचवीस किलो तांदूळ पोत्यात भरले, वर तुरीची डाळ, रांधायला एक गंज, उलटायला एक सराटा.

"हे कशाला?"

"मी माह्या तांदळाचं रांधून खाईन. पोरीजवळ राहीन, पन तिच्या घरचं खानार नाई."

विमानात एवढे वजन नेता येत नाही. म्हणून जहाज, आणि जहाजासाठी कोलकाता.

हावडा

वरठीच्या स्टेशनावरून बसलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी हावड्याला उतरलो. मधल्या रात्रीविषयी एवढेच सांगते की मी पोत्यावर पाय ठेवून झोपण्याचा प्रयत्न केला, आणि पोते माझ्यापेक्षा सुखात होते.

हमालाने ते उचलून पाहिले. "दादा, इसमें क्या है?"

"चावल."

"बंगाल में चावल लाया?" त्याने शेजारच्या हमालाला हाक मारून ही बातमी दिली आणि दोघे मनापासून हसले. मी शरमेने दुसरीकडे पाहू लागले. हे मात्र जराही ओशाळले नाहीत. पोत्याच्या शिवणीतून बोट घालून त्यांनी चार दाणे काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. "बापा, याचा वास त घे एकदा." हमालाला मराठी कळले नाही, पण तळहात नाकाशी नेणे त्याला कळले. त्याने दाणे हुंगले, तोंडात टाकले, चावले आणि गंभीरपणे मान हलवून पोते डोक्यावर घेतले. फलाट संपेपर्यंत तो ते जरा जपूनच नेत होता, असे मला वाटले.

पिवळ्या टॅक्सीतून पूल ओलांडताना खालच्या फुलबाजाराचा वास वर आला. ओल्या झेंडूचा तो कडवट, हिरवा वास माझ्या ओळखीचा होता. एवढ्या प्रमाणात तो कधी भेटला नव्हता. आमच्याकडे दसऱ्याला दारापुरता झेंडू लागतो. इथे माणसांच्या खांद्यांवरून केशरी माळांचे दोरखंड चालले होते. मी खिडकीची काच खाली केली. हे म्हणाले, "थंडी लागून राहिली, बंद कर." मी बंद केली.

गौरीदींचे घर

जहाजाच्या प्रवाशांना खोल्या देणारे ते घर खिदिरपूरच्या एका अरुंद गल्लीत आहे. चालवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, एकट्या. सगळे त्यांना गौरीदी म्हणतात. पांढरी साडी, तिला बोटभर निळा काठ, आणि हातात सदैव चहाची किटली. त्यांचे हिंदी बंगाली वळणाचे. पुरुषाला, बाईला, मांजराला, सगळ्यांना एकच क्रियापद पुरत असे.

"दादा, आप चावल लेकर समुंदर जाएगा?" पोते पाहून त्यांनी विचारले. "उधर बेटी भूखा है?"

"नहीं दीदी. मेरे लिए है."

"बेटी खाना नहीं देगा?"

हे पोते कोपऱ्याकडे सरकवू लागले. मी रीत समजावून सांगितली. गौरीदींनी ऐकून घेतले, किटली जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हमारा बाबा भी नहीं खाता था. बहुत पुराना बात है." मग त्या किटली उचलून जिना उतरून गेल्या. त्या पावलांवरून पुढचे विचारू नये हे मला कळले.

त्या दुपारी आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भाताच्या हॉटेलात जेवलो. केळीच्या पानावर भाताचा डोंगर, पातळ मसूर डाळ, खसखशीत शिजवलेले बटाटे आणि रोहूचा एक जाड तुकडा, पिवळ्या रश्श्यात अर्धा बुडालेला. मोहरीच्या तेलाचा उग्रपणा नाकातून थेट डोळ्यांत जातो. आमच्याकडे तलावातली रोहू लाल तिखटात, जवसाच्या तेलात शिजते आणि जेवणाचा सण होतो. इथे ती रोजच्या वरणासारखी साधेपणाने ताटात येते. ह्यांनी भाताचे शीत दोन बोटांत दाबून पाहिले. "उसना हाय," उकडा तांदूळ ओळखून त्यांनी निर्णय दिला. "पोट भरते, पन वास नाई." तरी दोनदा भात मागून घेतला. वाढणारा गृहस्थ पानाशी वाकून विचारत होता, "आर एकटू? आर एकटू?" आणि हे त्याला पवनीच्या पंगतीत नाही म्हणावे तसे दोन्ही हात आडवे धरून नाही म्हणत होते.

परक्याच्या हातचे किती सहज जेवतात, असा विचार तेव्हाच माझ्या मनात आला.

उलटी वाहणारी नदी

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या कचेरीत गेलो. समुद्र खवळलेला आहे, जहाज दोन दिवस पुढे गेले आहे, एवढेच कळले. खिडकीसमोर आमच्यासारखीच माणसे होती: अंथरुणाच्या वळकट्या, डबे, कडेवर झोपलेली मुले. कुणीही तक्रार केली नाही. थांबण्याची सवय असलेल्या माणसांचे चेहरे सगळीकडे सारखेच असतात. धान पिवळे होईपर्यंत थांबणारेही मी असेच पाहिले आहेत.

संध्याकाळी पाय मोकळे करायला घाटावर गेलो. हुगळी विस्तीर्ण आहे, गढूळ, गरोदर बाईसारखी सावकाश. आम्ही पायरीवर बसलो असताना पाण्यावरून जलपर्णीचा एक हिरवा पुंजका समुद्राच्या दिशेने चालला होता. तो हळूहळू मंदावला, थांबला, आणि बघता बघता आला त्याच दिशेने परत निघाला.

"हे काय होऊन राहिलं?" हे उठून उभे राहिले.

"भरती. समुद्राचे पाणी आत येते. नदी उलटी वाहते."

"नदी कधी वापस जाते काय, मास्तरीनबाई? तुमी पुस्तकं वाचून कायबी सांगता." पण ते पुंजक्याकडे पाहत राहिले, डोळ्यांवर हात धरून, तो पुलाखाली दिसेनासा होईपर्यंत. पवनीच्या घाटावर बसून त्यांनी साठ वर्षे वैनगंगा पाहिली आहे. ती पुराने फुगते, उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्यांत विखुरते, पण माघारी कधी वळत नाही. मला मात्र ते पाणी पाहवेना. डोळे मिटले तर हाडांतून अजून गाडी धावत होती.

परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर खजुराच्या नव्या गुळाचा वास दरवळत होता. धूर, मध आणि ओले लाकूड एकत्र केले तर जे होईल ते. गौरीदींनी तो गूळ आणलाच होता. त्यांनी ह्यांच्याकडे मूठभर चिन्नोर मागितला आणि रात्रीच्या जेवणाला त्याची दाट खीर केली. घरभर आमच्या शेताचा आणि त्यांच्या गुळाचा वास मिसळला. ह्यांनी वाटी पुसून खाल्ली. "दीदी, एक नंबर." गौरीदी इतक्या खुश झाल्या की त्यांनी दुसरी वाटी वाढली, आणि ह्यांनी तीही नाकारली नाही.

त्या वाटीकडे पाहताना माझ्या आत काहीतरी आंबट झाले. गोंदियाच्या स्वयंपाकघरात वर्षाने अशीच खीर केली होती. बाप उठून गेल्यावर तिने ती शेजाऱ्यांकडे पाठवली होती.

आजारपण

तिसऱ्या दिवशी ह्यांचे पोट बिघडले. पाणी बदलले, प्रवास झाला, वय झाले. कारणे हवी तेवढी होती. दिवसभर खोली आणि जिन्याखालचे न्हाणीघर यांमध्ये त्यांच्या येरझारा चालल्या. मी मीठसाखरेचे पाणी करून देत होते, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत होते, ओले कपडे खिडकीत वाळत घालत होते. गल्लीतल्या दमट हवेत ते वाळत नव्हते. जवळ येणाऱ्या प्रत्येक आवाजाने मला दचकायला होई: रिक्षाची घंटा, मांजर, अजान, कुणाच्या घरातला शंख. हे शहर वाईट नव्हते. माझ्यात त्याला ठेवायला जागा उरली नव्हती, इतकेच.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे जुलाब थांबले आणि भूक लागली. मी त्यांच्यासाठी मऊ खिचडी टाकायला खाली गेले, तर गौरीदी चुलीपाशी हताश उभ्या. "दीदी, गैस शेष," त्या मला म्हणाल्या. सिलिंडर संपला होता, दुसरा संध्याकाळी येणार होता. बाहेरच्या हॉटेलातले तिखट ह्यांना चालणार नव्हते. मी वर येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले, तेवढ्यात वर्षाचा फोन आला. नेहमीचीच चौकशी होती. पण माझा आवाज तिने ओळखला, आणि मी सगळे सांगून टाकले.

"थांब आई. अर्धा तास थांब."

अर्ध्या तासाने दाराशी एक पन्नाशीचे गृहस्थ पिशवी घेऊन आले. आत झाकणबंद डबा, गरम. मुगाची खिचडी, बिनतिखटाची. पिशवीला चिठ्ठी टोचलेली होती, तीवर वर्षाचे नाव छापले होते. समुद्रापलीकडे बसून तिने फोनवरून ते जेवण मागवले होते, पैसेही तिथूनच भरले होते.

मी चिठ्ठी काढून मुठीत धरली. खोटे बोलणे त्या क्षणी फार सोपे होते. गौरीदींनी केली म्हटले असते तर हे दोन घासांत डबा संपवून झोपले असते, आणि मलाही झोपता आले असते. पण मग बापाने आपले अन्न खाल्ले हे वर्षाला कधीच कळवता आले नसते. तिला कळले नाही तर त्या जेवणाचा उपयोग काय?

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि चिठ्ठी शेजारी सपाट केली. "वर्षाने पाठवली."

त्यांचा हात थांबला. "वर्षानं? ते तिकडं, आपन इकडं."

"फोनवरून मागवता येते. तिनेच पैसे भरले."

त्यांनी डबा बोटाने जरासा दूर सारला. वाफ दोघांच्या मध्ये उभी होती. "तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून घेतलं?"

तीस वर्षे मी वर्गात आवाज चढवला नाही. त्या दिवशीही चढवला नाही; तेवढे बळच नव्हते. मी खाटेच्या कडेवर बसले आणि घरी बोलते तशी बोलले. "मी थकली आता. तुमच्या दोघांच्या मधात उभी राहून थकली. परवा तुम्ही गौरीदीच्या हातची खीर दोनदा खाल्ली. त्या कोण आपल्या? अन् पोरीनं गोंदियाले वर्षानुवर्षं हेच पाहिलं, बाप येते, बाटलीतलं पाणी पिते, उठून जाते. तिले वाटते, तिची कूस रिकामी हाय म्हणून बाप उपाशी जाते."

"असं म्हनाली ते?"

"तिसऱ्यांदा झालं तेव्हा म्हणाली. 'बाबाचं ताट माह्या हातानं आता कधीच वाढलं नाही जाणार' म्हणे. त्यासाठी रडली. लेकरासाठी रडून झालं होतं तिचं."

हे खिडकीकडे पाहू लागले. तिथे त्यांचाच सदरा लोंबत होता. मग ते बोलले, पण माझ्याशी बोलत नव्हते असे वाटले.

"मी त उलटं समजत होतो. मी जेवलो असतो त मीच म्हनल्यासारखं झालं असतं, आता लेकरू होत नाई. साऱ्यायनं हात टेकले. डॉक्टरनं टेकले, जावयानं टेकले, तूही टेकले. बापानंही टेकावे काय? एक जन त पाहिजे ना वाट पाहनारा."

चाळीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हते. त्या बाटलीतल्या पाण्याला मी हट्ट म्हणत आले, जुनाटपणा म्हणत आले. ती त्यांची प्रार्थना असेल हे माझ्या मनात कधी आले नाही. राग निघून गेला. त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, फक्त दमणूक उरली.

"तिले आता ती वाटच जड झाली," मी म्हटले. "तिनं सांगितलं होतं, बाबाले म्हणा वाट नका पाहू. मी तो निरोप दिला होता तुम्हाले."

"देल्ला होता," ते म्हणाले. "मी ऐकला नाई."

मग त्यांनी डबा जवळ ओढला. मर्तिकाच्या घरी शेजाऱ्यांनी आणून दिलेले पहिले जेवण माणूस जसे जेवतो, तसे ते जेवले: खाली मान घालून, लहान लहान घास, प्रत्येक घास गिळल्यावर क्षणभर थांबून. मी पाण्याचा पेला भरून ठेवला. डबा रिकामा झाला तेव्हा त्यांनी बोटे धुतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि म्हणाले, "लाव तिले फोन."

मी लावला आणि आवाज मोठा केला.

"बाबा? बरं वाटते काय आता?"

"बरं हाय. खिचडीत मीठ कमी होतं."

तिकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमी खाल्ली?"

"मंग काय तर. भुका होतो. उद्या सकाळी जहाज सुटते म्हनतेत, तीन-चार दिसांनी येऊन पडतो. तवा मीठ बराबर टाकजो."

"किती टाकू?"

"तुही आई टाकते त्याच्याहून जरासं कमी. तिचा हात जड हाय."

वर्षा हसली. ते हसणे मध्येच फुटले आणि पुढे जे होते ते हसणे नव्हते. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाशी धरून बसले. मधूनमधून "हो," म्हणत, "हो बाई, ऐकून राहिलो," म्हणत. मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. उद्याचे सामान बांधायचे होते, ओले कपडे गोळा करायचे होते. त्यातले काही मी केले नाही. भर दुपारी, चपला पायांतच असताना, मला झोप लागली.